माझ्या बोटाची निळी रेघ

६ जानेवारी, मंगळवार

सफियाचं अ‍ॅप फोनवर टाकलं. म्हणजे तिनेच व्हिडिओ कॉलवर तासभर "वर दाबा मिस, ते नाई, त्याच्या बाजूचं" करत माझ्याकडून टाकून घेतलं. दहावी ब. तिला मी भूमिती शिकवली, आता ती मला बटण शिकवते.

अकोल्यात बसून ती दुसऱ्यांच्या अ‍ॅपचे हलणारे भाग बनवते. सरकणारे गोळे, उघडणारी पानं, फिरणारी चाकं. अख्खं अ‍ॅप नाही. घर बांधणारी नव्हे, कडीकोयंडे करणारी.

हे अ‍ॅप बंगलोरच्या कुठल्या कंपनीचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी कळवायचं की मी ठीक आहे. मुलांच्या फोनवर हिरवा दिवा लागतो. नऊपर्यंत कळवलं नाही तर त्यांच्याकडे घंटा. चाचणीसाठी सफियाला एक म्हातारी आणि एक मुलगा हवा होता. म्हातारी मी. मुलगा निखिल, पुण्यात, हसत तयार झाला. जरा जास्तच लवकर तयार झाला.

कळवायचं कसं? एक गोळा अर्धवर्तुळाच्या वाटेवरून डावीकडून उजवीकडे ओढत न्यायचा, सूर्य सरकल्यासारखा. साधं बटण चुकून दाबलं जातं म्हणे, म्हणून हा खटाटोप. ओढला. सुटला, पळाला परत डावीकडे. असं पाच वेळा. सहाव्यांदा पोचला तर गोळ्याने तीन उड्या मारल्या आणि पडद्यावर रंगीत कागद उधळले.

मी आज सकाळी जिवंत आहे याची वरात!

सफियाला लिहिलं, "हे ज्याने केलं त्याला वर्गाबाहेर उभं कर."
उत्तर आलं, "मीच केलं मिस. कुठं उभी राहू?"

८ जानेवारी, गुरुवार

रंगीत कागद गेले. उड्या तीनच्या एक झाल्या. स. म्हणते, एक तरी राहू द्या, कंपनीला "आनंद" पाहिजे.
मी म्हटलं, आनंद माझ्याकडे आहे. मला फक्त पोचलं की नाही ते कळू दे.
"मिस, तुमी काहून एवढ्या चिडून राहिल्या? गोळाच तं आहे."
गोळाच तर आहे. आज आठ वेळा सुटला.

११ जानेवारी, रविवार

स.ने नवीन पाठवलं. गोळा ओढला तर बोटामागे पडद्यावर निळी रेघ उमटत गेली. बोट जिथून गेलं ती वाट, जशीच्या तशी.

मी फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढत असे. पोरं मागून दोरी लावून तपासायची आणि हिरमुसायची. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने शिकवलं होतं, खांद्यातून काढायचं, मनगटातून नाही.

आणि ही रेघ! करवतीला दाते असतात तशी.

स.ला फोन केला, ही काय भानगड. ती चपापली. "अल्ला, थे रेघ माह्या कामाची असते मिस. बोट कुठून गेलं हे पाहाले. तुमाले पाठवायच्या आधी बंद कराची राहून गेली."
"मग कर बंद."
"हाव." मग, "मिस, हे कवापासून होऊन राहिलं?"
"काय?"
"... काई नाई."
तिच्याकडेही दिसत होती ती रेघ. चाचणी म्हटल्यावर सगळं तिकडे पोचतंच. मला आधी का सुचलं नाही?

१२ जानेवारी, सोमवार

इथे तरी खरं लिहावं.

हात मागच्या पावसाळ्यापासून. उजवा. कप बशीवर वाजतो म्हणून बशी सोडली. सुईत दोरा खालच्या मजल्यावरची शेजारीण ओवून देते, तिला सांगितलं चष्म्याचा नंबर वाढलाय. ही वहीसुद्धा आता दोन ओळींत एक ओळ अशी लिहिते.

ऑक्टोबरात डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, बहुतेक साधा कंप आहे, या वयात असतो, पण एकदा मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन या. चिठ्ठी दिली. चिठ्ठी कपाटात.

निखिलने दिवाळीत सांगून ठेवलंय, "आई, आता काही एक जरी झालं ना, मी विचारणार नाही, सरळ गाडी घेऊन येणार." प्रेमाने म्हणाला. म्हणूनच भीती वाटते. रागावून म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

पुण्यात काय वाईट आहे? काही नाही. त्यांच्या घरी मला वेगळी खोली आहे, खिडकीही आहे. पण इथे रुक्मिणीनगरात मी वानखडे मिस आहे, तिथे मी नवव्या मजल्यावरच्या निखिलची आई.

१३ जानेवारी, मंगळवार

स.ने रेघ बंद केली. न विचारता आणखी एक केलं. बोटाच्या मागच्या काही जागांची सरासरी काढून गोळा चालवला. थरथर गेली खरी, पण गोळा बोटामागून रेंगाळत येतो. मी पोचते, तो वाटेतच. जेवणाच्या घंटेनंतर वर्गात शिरणाऱ्या पोरासारखा.

तिला म्हटलं, हे मला आवडलं नाही.
"थरथर तं गेली ना मिस?"
पहिल्यांदा तिने तो शब्द उच्चारला. मीही ऐकून घेतला.
मी म्हटलं, "परवा संक्रांतीचा तिळगूळ घेऊन अकोल्याला येते. आलेखाचा कागद आणून ठेव."

१५ जानेवारी, गुरुवार

बडनेऱ्याहून गाडीने अकोला. खिडकीतून तुरीच्या गंज्या, कापणी झालेली काळी रानं. बरं वाटलं.

स.ची कामाची खोली तिच्या अब्बांच्या गादी-रजईच्या दुकानावर. खाली कापूस पिंजायचं यंत्र, वर तीन कॉम्प्युटर, स. आणि हाताखालच्या दोन पोरी. तिघींच्या ओढणीवर कापसाचे कण. अब्बांनी खुर्ची पुसून दिली. "बाई, तुमची शागीर्द दिवसभर एकच गोळा सरकवते. मी म्हणतो, इतक्या वेळात चार गाद्या भरल्या असत्या."
स. म्हणाली, "अब्बा, तुमच्या गादीले कोणी बंगलोरहून पाहाले येते का?"
"पाहाले नाई येत, झोपाले येते."
चहा आला. मी कप दोन्ही हातांनी धरला. कोणी पाहिलं नाही, किंवा सगळ्यांनी पाहिलं.

मग आलेखाच्या कागदावर अर्धवर्तुळ काढायला बसले. काढलं स.नेच, मी सांगितलं. तिचा गोळा बोटाच्या खऱ्या जागेवर चालतो. बोट वाटेच्या बाहेर गेलं की तो सुटला. मी विचारलं, "वर्तुळावरचा बिंदू सांगायला काय काय लागतं?"
"मध्यापासून अंतर आणि कोन."
"अंतर किती आहे ते आपल्याला आधीच माहीत आहे. मग ते बोटाला का विचारतेस?"
ती कागदाकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. "माय वं! फक्त कोन घ्याचा!"

बोट वर जाऊ दे, खाली जाऊ दे, वाटेपासून दोन बोटं दूर जाऊ दे. मध्यापासून त्याचा कोन तेवढा मोजायचा आणि गोळा आपल्या वाटेवर त्या कोनाला ठेवायचा. आडवी थरथर तिथल्या तिथे संपली. उरली पुढेमागे होणारी. तिच्यासाठी असं ठरलं की गोळा पुढे लगेच जाईल, मागे मात्र बोट चांगलं बोटभर मागे आल्याशिवाय येणार नाही. आणि बोट क्षणभर उचललं गेलं तर लगेच पळणार नाही, थोडी वाट पाहील.

मी खूश. तेवढ्यात स.: "पण मिस, बोट मध्याजवळ गेलं तं कोन कसाही उडते. जरासं हललं की इकडचा तिकडं."
बरोबर. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मधे एक गोल बाद केला, तिथे बोट असेल तेव्हा गोळा होता तिथेच थांबेल. दहावी ब मध्ये हिला शंभरपैकी बासष्ट होते. पेपर बहुधा मीच नीट तपासला नसेल.

तासाभरात तिने ते चालवून दाखवलं. ओढलं. गेला. पुन्हा ओढलं. गेला. दहा वेळा, दहाही वेळा. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना दटावलं, पण उगीच.

१९ जानेवारी, सोमवार

शेवटची उडीही काढायला लावली. आता गोळा टोकाला पोचला की थांबतो, किंचित आत बसतो, आणि फोनला हाताला जेमतेम कळेल एवढा एक झटका. चांगल्या सुताराने केलेल्या कपाटाचं दार लागतं तसं. बास. चार दिवस झाले, रोज आठच्या आत पहिल्याच ओढीला.

निखिलचा फोन. "आई, हल्ली हिरवा दिवा अगदी वेळेवर! मी तुला म्हटलं होतं ना, जमेल."
जमेल! त्याला काय माहीत, त्या गोळ्याला आम्ही जमवलंय.
थोडं फुशारकीने सांगावंसं वाटलं. सांगितलं असतं तर हातही सांगावा लागला असता. हवापाण्याचं बोलले.

२३ जानेवारी, शुक्रवार

स.ने कंपनीला दाखवायला छोटी फिल्म केली. पडद्याचे दोन भाग. डावीकडे माझं बोट जसं गेलं तशी दातेरी निळी रेघ, उजवीकडे त्याच वेळी सरळ चाललेला गोळा. माझं नाव नाही, नुसतं "वय ७१". आधी विचारलं होतं. मी हो म्हटलं. खोटं कशाला, मलाही दाखवायचं होतं. इतक्या वर्षांनी माझी भूमिती कुठेतरी लागली.

२७ जानेवारी, मंगळवार

कंपनीचं उत्तर आलं. स.ने फोन केला, आवाज असा की आधी मला वाटलं तिच्या घरी काही झालं.

त्यांना फिल्म फार आवडली. गोळा "छान". पण त्यांना खरी आवडली ती डावी बाजू. म्हणजे रोज सकाळी म्हाताऱ्यांच्या हाताची थरथर आपोआप मोजता येते! मग ती मोजायची, साठवायची, आणि महिन्याच्या महिन्याला मुलांना कळवायची. हिरव्या दिव्याखाली एक आलेख. हात स्थिर, हात कमी स्थिर. म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांना दाखवायची गरज नाही.

त्रास नको म्हणून!

चाचणीतले मुलगा आणि आई आम्हीच. म्हणजे पहिला आलेख निखिलच्या फोनवर. माझ्या हाताचा.

स.: "मिस, माही गलती झाली. मी उजवीकडचं दाखवून राहिली होती, थे डावीकडचं पाहात होते."
तिची चूक नाही. ती कारागीर आहे, आपण काय दुरुस्त केलं ते दाखवायला आधी मोडकं दाखवावं लागतं. माझी चूक आहे का? मी हो म्हटलं होतं.

२८ जानेवारी, बुधवार

कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, सिस्टरच्या इंग्रजीत, ज्यात शिवी न देता शिवी देता येते. मी तुमच्या गोळ्याला होकार दिला आहे, माझ्या हाताला नाही. मी ठीक आहे, एवढंच मी सकाळी सांगते. किती ठीक आहे हे विचारायचं असेल तर मला विचारा.

हातानेच लिहिलं. मग फोटो काढून स.ला पाठवायच्या आधी पाहिलं. अक्षर! त्यांना आलेख काढायची गरजच नाही, पत्र पुरेल.
तरी पाठवलं.

३० जानेवारी, शुक्रवार

स.शी भांडण झालं. कधी वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, त्यांना नाही म्हणून टाक. ती म्हणाली, नाही म्हटलं तर काम जाईल, दोन पोरी घरी बसतील, एकीचं लग्न घरच्यांनी याच नोकरीच्या जोरावर पुढे ढकललंय. मी म्हटलं, म्हणून माझा हात विकायचा?

मग ती म्हणाली, "मिस, एक बोलू? माह्या अम्मीचं पोट दुखत होतं. आठ महिने. कोणाले नाई सांगतलं, लेकरं परेशान होतीन म्हणून. आमाले समजलं तवा डॉक्टर म्हणाले, आता काय आणून राहिले. तिच्या फोननं जर मले सांगतलं असतं ना, तं मी त्या फोनचे पाय धरले असते."

तिच्या आईला मी पालकसभेत पाहिलेलं. काळा बुरखा, हसरे डोळे, "बेटी को मारना मत, समझाना." मारलं नाही कधी.

"पण," स. म्हणाली, "अम्मीले न विचारता मले सांगतलं असतं तं अम्मीनं तो फोन विहिरीत फेकला असता. हेबी खरं आहे."
दोघीही हसलो, पण फार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर तेच डोक्यात. संताप सोपा आहे, मला तो चांगला जमतो. पण संतापाच्या खाली काय आहे ते पाहायला गेले तर ऑक्टोबरातली चिठ्ठी.

कंपनी माझी बातमी चोरते आहे हे खरं. मी ती दाबून ठेवली आहे हेही खरं. निखिल मला उचलून नेईल या भीतीने मी त्याला काळजी करण्याची संधीच देत नाही. तो वाईट मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती.

उद्या डॉक्टरांकडे वेळ मागते. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

४ फेब्रुवारी, बुधवार

मेंदूचे डॉक्टर अकोल्यालाच बसतात, स.च्या दुकानापासून जवळ. ती सोबत आली. डॉक्टरांनी कागदावर गोल वेटोळं काढायला लावलं, आतून बाहेर. मी म्हटलं, कंपासशिवाय? ते हसले. दोन तपासण्या सांगितल्यात, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. आत्ता काही नाव देत नाहीत. मी खोदून विचारलं तरी नाही.

मग खोलीवर. स.ने नवीन भाग करून ठेवला होता. महिना संपला की आधी म्हाताऱ्याच्याच पडद्यावर एक पान उघडतं, हळू, आपण बोट धरून उघडू तेवढंच. त्यावर: तुमच्या हातात थोडा बदल दिसतो आहे. खाली तीन वाटा. कोणाला सांगू नका. मी स्वतः सांगेन. तुम्ही सांगा. तिन्ही सारख्याच आकाराच्या, एकही रंगवून पुढे केलेली नाही. काहीच निवडलं नाही तर कोणालाच कळवायचं नाही.

मी म्हटलं, माझ्या चाचणीत लगेच सुरू कर. ती म्हणाली, आधी कंपनीचा होकार. कंपनीला उलटं हवंय, काही निवडलं नाही तर मुलांना कळवायचं. सोमवारी बैठक. तिने लिहून कळवलंय की असं असेल तर हा भाग मी देणार नाही, दुसऱ्याकडून करून घ्या.

"आणि पोरी?" मी विचारलं.
"पोरींनीच सांगतलं असं लिहाले." मग हळूच, "मले पटलं म्हणून नाई मिस. अर्धं पटलं. अम्मीची आठवण येतेच ना."

अब्बा जिन्यातून ओरडले, "बाईंना जेवल्याशिवाय सोडू नको!" खिचडा होता. चमच्याने खाल्ला, थोडा सांडला. पुसायला ओढणी पुढे करणाऱ्या पोरीवर मी रागावले नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

निखिलला फोन केला.
"रविवारी येतोस का?"
"काय झालं?"
"झालं काही नाही. बोलायचं आहे. समोर."
"आई, आत्ता सांग. मला टेन्शन देऊ नकोस."
"टेन्शन तुझं तू घेतोस. रविवारी ये."
"मी गाडी घेऊनच येतो."
"आगगाडीने ये," मी म्हटलं. "गाडी नको."
एरवी वाद घातला असता, आज नुसतं म्हणाला, "बरं." त्याला कळलंय काहीतरी. नेमकं काय कळलंय, ते मला नाही कळलं.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

स.चा मेसेज: "आज सांगून टाकसान ना मिस? उद्या माही बैठक. तुमी सांगितलं तं मले बी तिथं बोलाले जोर येईन."
तिला लिहिलं, तू तुझं बोल, माझ्यावर टेकू नकोस. पाठवल्यावर वाटलं, फार तुटक झालं. परत लिहिलं, टेक थोडी.

निखिल बडनेऱ्याला उतरला. ऑटोत बसल्याचा फोन होता. वीस मिनिटं, रविवार आहे, पंधराच.

कुठून सुरू करायचं? डॉक्टरांपासून? कंपनीपासून? "हे बघ, घाबरू नकोस" असं सुरू केलं तर तो तिथेच घाबरेल. तो बहुतेक आधी खोलीभर नजर फिरवेल, औषधं कुठे आहेत, मी बारीक झालेय का. मग "चल पुण्याला" म्हणायला तोंड उघडेल. त्याआधी मला बोलायचं आहे. रिपोर्ट नाही, नाव नाही, सोमवारी तिकडे काय ठरेल तेही नाही. हात आहे, तो दाखवीन.

खाली ऑटो थांबली. भाडं देताना हुज्जत घालतोय, आवाज त्याचाच. दार मीच उघडते.